बाबांची फाइल

पाली हिलच्या एखाद्या फ्लॅटमध्ये बाथरूम तोडून नवं होतं. कार्टर रोडच्या एखाद्या बिल्डिंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दर दोन-तीन वर्षांनी निघतं. सांताक्रूझला कुणाला तरी भिंत पाडून ओपन किचन हवं असतं. ही कामं घेणारे छोटे कॉन्ट्रॅक्टर राहतात कुठे? त्यातले कितीतरी जण इथेच, खारदांड्याच्या गल्ल्यांत. सकाळी नाक्यावरून दोन बिगारी आणि एक मिस्त्री उचलायचा, साइटवर जायचं, दुपारी मटेरियलवाल्याला फोन, संध्याकाळी मालकाकडे पैशांसाठी चकरा आणि शनिवारी सगळ्यांची खर्ची वाटून उरेल ते घरी.

दुसऱ्यांची घरं उभी करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरासाठी होम लोन मागायची वेळ आली की बँकेच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘सॅलरी स्लिप आहे?’ नाही. ‘मग तीन वर्षांचे आयटी रिटर्न?’ इथे गाडी अडते.

तुमचे बाबा, काका किंवा मोठा भाऊ या धंद्यात असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कारण खरं सांगायचं तर घरातली ही फाइल बाबा बनवणार नाहीत. त्यांना साइटवरून वेळ नाही. ती बनवणार तुम्ही. घरात पोर्टलवर लॉग-इन करणारे, ओटीपी वाचणारे, पीडीएफ डाउनलोड करणारे तुम्हीच असता ना? माझे बाबा लादीची कामं घेतात, त्यामुळे आमच्याकडेही हे खातं माझ्याकडेच आहे.

कमाई आहे, कागद नाही

नोकरी करणाऱ्याचं बँकेसाठी सोपं असतं. दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम खात्यात येते, कंपनी फॉर्म 16 देते, काम झालं. कॉन्ट्रॅक्टरचं तसं नसतं. या महिन्यात दोन कामांचे अ‍ॅडव्हान्स एकदम आले, पुढचे दोन महिने काहीच नाही, मग एका मालकाने शेवटचं बिल अडवून ठेवलं. त्यात आलेल्या पैशांतला मोठा हिस्सा त्याचा नसतोच. सिमेंट, रेती, टाइल्स, केमिकल आणि मजुरी भागवून त्याच्या हातात जे राहतं तीच त्याची कमाई.

ती कमाई बाबांच्या डायरीत असते, डोक्यात असते, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या हिशोबाच्या फोटोत असते. बँकेला या तिन्हीचा उपयोग नाही. बँकेला साधारणपणे काय हवं असतं ते बघा: तीन वर्षांचे रिटर्न आणि त्यासोबतचं उत्पन्नाचं कॉम्प्युटेशन, वर्षभराचं बँक स्टेटमेंट, धंदा किमान दोन-तीन वर्षं जुना असल्याचा पुरावा, जीएसटी नंबर असेल तर त्याचे रिटर्न आणि हातातल्या कामांच्या वर्क ऑर्डर. प्रत्येक बँकेची यादी थोडी वेगळी असते, पण गाभा हाच.

म्हणजे लोन मिळणार की नाही, किती मिळणार, हे तुम्ही फॉर्म भरता त्या दिवशी ठरत नाही. ते दोन-तीन वर्षं आधी, रिटर्न भरताना ठरलेलं असतं. घर घ्यायचं ठरल्यावर कागद गोळा करायला निघालात तर उशीर झालेला असतो. बाकी सगळं जाऊ द्या, हे एवढं लक्षात ठेवा.

सहा टक्क्यांचं गणित

छोट्या धंद्यांसाठी आयकर खात्याने एक सोय ठेवलेली आहे. प्राप्तिकर कायदा, 1961 च्या 44एडी कलमातली ही योजना. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमाचा नंबर बदलला तरी योजना ठेवलेली आहे. वर्षाची उलाढाल 2 कोटींपर्यंत असेल (रोखीचे व्यवहार 5 टक्क्यांच्या आत असतील तर 3 कोटींपर्यंत), तर सगळी वह्या-पुस्तकं ठेवायची, ऑडिट करायचं झंझट नाही. उलाढालीच्या 8 टक्के रक्कम नफा म्हणून दाखवायची आणि त्यावर टॅक्स भरायचा. चेक, बँक ट्रान्सफर, यूपीआयने आलेल्या पैशांवर 8 ऐवजी 6 टक्के.

सोय चांगली आहे. अडचण पुढे येते. समजा, तुमच्या बाबांची वर्षाची उलाढाल 36 लाख आहे. निम्मे पैसे बँकेतून आले, निम्मे रोख. 18 लाखांचे 6 टक्के म्हणजे 1 लाख 8 हजार, उरलेल्या 18 लाखांचे 8 टक्के म्हणजे 1 लाख 44 हजार. रिटर्नमध्ये उत्पन्न लिहिलं गेलं 2 लाख 52 हजार. टॅक्स शून्य. सगळे खूश.

आता बँकेकडे जा. 2 लाख 52 हजार म्हणजे महिन्याला 21 हजार. त्यातले साधारण निम्मे हप्त्याला जाऊ शकतात असं बँक धरते, म्हणजे साडेदहा हजार. व्याज 9 टक्के आणि मुदत 20 वर्षं धरली तर एक लाखाच्या कर्जाला महिन्याला सुमारे 900 रुपये हप्ता बसतो. साडेदहा हजारात बसतं किती? साडेअकरा लाखांच्या आसपास. एवढ्यात घर कुठे येतं, तुम्हीच सांगा.

पण बाबांची खरी कमाई समजा महिन्याला 60 हजार आहे, वर्षाला 7 लाख 20 हजार. तेवढी रिटर्नमध्ये असती, तर हप्ता 30 हजारांपर्यंत धरला गेला असता आणि कर्ज 33 लाखांच्या घरात गेलं असतं. तोच माणूस, तोच धंदा, फरक 20 लाखांपेक्षा जास्त.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहितीच नसते. 6 आणि 8 टक्के हा नफा दाखवण्याचा किमान आकडा आहे. त्यापेक्षा जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं, असं योजनेतच म्हटलेलं आहे. म्हणजे खरी कमाई दाखवण्यासाठी ही सोपी योजना सोडायची गरज नाही. फॉर्ममध्ये फक्त किमान आकड्याच्या जागी खरा आकडा लिहायचा.

मग टॅक्सचं काय?

इथे बाबा हमखास म्हणणार, ‘एवढं दाखवलं तर टॅक्स कोण भरणार?’ काही वर्षांपूर्वी हा प्रश्न बरोबर होता. आता गणित बदललंय. 1 एप्रिल 2025 पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून, नव्या कर पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो. त्याच्या आदल्या वर्षी ही मर्यादा 7 लाख होती. ही सवलत फक्त नोकरदारांची नाही, धंद्यातल्या उत्पन्नालाही मिळते. (पगारदारांना 75 हजारांचं जे वेगळं स्टँडर्ड डिडक्शन आहे, ते मात्र आपल्याला नाही.)

म्हणजे वरच्या उदाहरणात 7 लाख 20 हजार दाखवले काय आणि 2 लाख 52 हजार दाखवले काय, टॅक्स दोन्हीकडे शून्यच. मग कमी दाखवून वाचलं काय? काहीच नाही. आणि गेलं काय? वीस लाखांचं कर्ज. घरी हा विषय काढायचा असेल तर याच दोन आकड्यांपासून सुरुवात करा. टॅक्स वाचवायची सवय जुनी आहे, ती बोलून जात नाही. कागदावर गणित मांडलं की जाते.

एक काळजी घ्या. उत्पन्न अचानक एका वर्षात तिप्पट झालेलं दिसलं तर बँक विचारतेच. बहुतेक वेळा ती दोन-तीन वर्षांची सरासरी धरते. आणि तीन वर्षांचे रिटर्न एकाच महिन्यात भरलेले असतील तर फाइलकडे संशयाने बघितलं जातं. म्हणून यंदा सुरुवात करायची आणि पुढची दोन वर्षं मुदतीत भरत राहायचं. तुम्ही आत्ता एफवाय-एसवायला असाल तर डिग्री हातात येईपर्यंत बाबांची फाइलही तयार असेल.

कापलेला टीडीएस रडायचा विषय नाही

बाबा एखाद्या बिल्डरकडे किंवा कंपनीकडे पेटी कॉन्ट्रॅक्टवर काम करत असतील तर ‘त्याने एक टक्का कापून घेतला’ ही तक्रार घरात ऐकलीच असेल. कायद्यानुसार कॉन्ट्रॅक्टरला पैसे देताना कंपन्यांना टीडीएस कापावा लागतो. एकट्याच्या नावावर धंदा असेल तर 1 टक्का. एका बिलाची रक्कम 30 हजारांच्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली की हा नियम लागतो.

हे पैसे गेले असं समजू नका. दहा लाखांच्या कामावर दहा हजार कापले गेले असतील आणि बाबांचा टॅक्स शून्य असेल, तर रिटर्न भरल्यावर ते परत मिळतात. रिटर्न न भरणाऱ्याचे मात्र सरकारकडेच राहतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कापलेला टीडीएस हा पुरावा असतो. आयकर पोर्टलवर 26एएस आणि एआयएस नावाचे दोन कागद असतात. त्यात कुठल्या कंपनीने कधी किती पैसे दिले, हे सरकारी नोंदीत दिसतं. बाबांची डायरी बँक मानत नाही, हे मानते. आज रात्री लॉग-इन करून नुसतं उघडून बघा. कदाचित बाबांनाही माहीत नसलेली एखादी एन्ट्री सापडेल.

ज्यांची कामं फक्त घरगुती आहेत, फ्लॅट मालकांकडची, त्यांचं इथे अडतं. स्वतःच्या घराचं काम करून घेणाऱ्या माणसाला साधारणपणे हा टीडीएस कापावा लागत नाही, त्यामुळे 26एएस रिकामं. मग त्यांच्यासाठी बँक खातं हाच एकमेव साक्षीदार. मालकाला साध्या लेटरहेडवर का होईना पण बिल द्यायचं, पैसे खात्यात घ्यायचे, कोटेशन आणि वर्क ऑर्डर जपून ठेवायची. रोख आलेच तर आधी खात्यात भरायचे आणि मग खर्चाला काढायचे.

उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणीही लागते. वरच्या उदाहरणातले 36 लाखवाले बाबा त्यात आलेच. नोंदणी झाली की जीएसटी रिटर्नमधली उलाढाल, आयटी रिटर्नमधली उलाढाल आणि बँकेत आलेले पैसे हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. बँकेचा क्रेडिट ऑफिसर पहिल्यांदा तेच जुळवतो.

जून-जुलैचा खड्डा

दांड्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी बोटींची मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, घरात जपून खर्च. कॉन्ट्रॅक्टरच्या घरातही पावसाळा तसाच असतो. बाहेरचं प्लास्टर बंद, रंगकाम बंद, परांची उतरवलेली. गळती काढायला फोन येतात, पण पक्कं काम ऑक्टोबरनंतर. त्यामुळे बँक स्टेटमेंटमध्ये जून ते सप्टेंबर मोठा खड्डा दिसतो.

बँका खात्यातली शिल्लक महिन्यातल्या काही ठरावीक तारखांना किती होती ते बघून सरासरी काढतात. त्यामुळे मे महिन्यात आलेले पैसे लगेच भिशीत, सोन्यात किंवा दुसऱ्याच्या उसनवारीत घालण्यापेक्षा थोडे खात्यात राहू दिलेले बरे. आणि चेक बाउन्स? एक जरी दिसला तरी प्रश्न विचारले जातात. मटेरियलवाल्याला दिलेला पोस्ट-डेटेड चेक मालकाचं पेमेंट अडकल्यामुळे परत गेला, हे खरं कारण असतं. पण ते स्टेटमेंटमध्ये लिहिलेलं नसतं.

राहतं घर का चालत नाही?

‘मग दांड्यातलं घर आहे ना, त्यावरच कर्ज काढू’, असं वाटणं साहजिक आहे. पण गृहकर्ज देताना बँक माणूस बघते तसं घरही बघते. तिचा वकील मालकीची कागदपत्रं तपासतो, व्हॅल्युअर जागा बघून किंमत काढतो. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी हे त्यांना हवं असतं. कोळीवाड्यातली आणि गावठाणातली बरीच घरं आजोबा-पणजोबांपासूनची. वारस अनेक, वाटणी तोंडी, वरचा मजला गरजेप्रमाणे चढवलेला. झोपडपट्टीतल्या घराचा फोटोपास हा राहत असल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. म्हणून अशा घरांवर बँका सहसा कर्ज देत नाहीत. घराची किंमत शून्य आहे असा याचा अर्थ नाही, तिच्याकडे बँकेला हवा तो कागद नाही एवढंच.

त्यामुळे कर्ज काढून घर घ्यायचं तर खार रोडहून ट्रेन पकडून विरारच्या दिशेने किंवा पार बदलापूरपर्यंत बघावं लागतं. काम इथे आणि घर तिथे. पहाटेच्या लोकलने यायचं की भाड्याने इथेच राहायचं, हा प्रत्येक घराने स्वतः सोडवायचा प्रश्न आहे. नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या साइटवर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून बघा. बाबांना बांधकामातलं कळतं, त्यांना साइटवर घेऊन जा. बीमकडे एक नजर टाकून ते जे सांगतील ते ब्रोशरमध्ये नसतं.

हातात किती पैसे लागतील? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के मिळू शकतात, 30 ते 75 लाखांपर्यंत 80 टक्के, त्यावर 75 टक्के. उरलेले आपले. घर 10 लाखांच्या वरचं असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या हिशोबात धरत नाहीत, ते खिशातूनच. महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 30 लाखांच्या घरावर हे 30 हजार होतात. आईच्या नावाचा विचार करायला आणखी एक कारण.

प्रधानमंत्री आवास योजना-शहरी 2.0 ही सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घर 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल तर पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज अनुदान मिळतं. एकूण जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. अट अशी, की नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. गावचं घर बाबांच्या नावावर असेल तर आधी हे तपासा.

दुसरा दरवाजा आणि त्याची किंमत

बँकेने नाही म्हटलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. काही बँका रिटर्नऐवजी जीएसटीतली उलाढाल किंवा खात्यातली सरासरी शिल्लक धरूनही कर्ज ठरवतात, ते विचारायचं. त्याशिवाय गृहकर्ज देणाऱ्या हाउसिंग फायनान्स कंपन्या आहेत. 1977 मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी सुरू केली, तेव्हापासून सामान्य पगारदाराला घरासाठी कर्ज ही गोष्ट रुळत गेली. पगार नसलेल्यांचा प्रश्न त्यानंतरही बराच काळ राहिला. 2008 मध्ये मुंबईतच सुरू झालेली मायक्रो हाउसिंग फायनान्स कॉर्पोरेशन ही अशा कागद नसलेल्या, असंघटित क्षेत्रातल्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून आली. आज या क्षेत्रात बऱ्याच कंपन्या आहेत. त्यांचा माणूस घरी येतो, साइटवर जातो, मटेरियलवाल्याशी बोलतो, डायरी चाळतो आणि कमाईचा अंदाज बांधतो. 2019 पासून या कंपन्यांवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण आहे.

पण ही मेहनत आणि जोखीम ते व्याजात वसूल करतात. 30 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी 9 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे 27 हजार बसतो. तेच 12 टक्क्यांनी घेतलं तर सुमारे 33 हजार. वीस वर्षांत फरक होतो साधारण साडेचौदा लाखांचा. कागद नसल्याची किंमत एवढी असते.

तरीही काहींसाठी हा रस्ता बरोबर ठरू शकतो. आत्ता इथून कर्ज घ्यायचं, दोन-तीन वर्षं हप्ते वेळेवर भरायचे, रिटर्न सुधारायचे आणि मग कमी व्याजाच्या बँकेत कर्ज ट्रान्सफर करायचं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतीआधी फेडण्याचा दंड लावता येत नाही. सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागून घ्या. ऑक्टोबर 2024 पासून ते देणं बंधनकारक आहे. व्याज, सगळे चार्जेस आणि वर्षाचा खरा खर्च त्यात एका ठिकाणी लिहिलेला असतो.

तुमची सही

आता तुमच्यावर येऊ. बाबा पन्नाशीचे असतील तर बँक 20 वर्षांची मुदत देताना विचार करते, कारण धंदा करणाऱ्याचं कर्ज साधारण वयाच्या 65 ते 70 पर्यंत फिटलं पाहिजे असा हिशोब असतो. मुदत 15 वर्षं झाली की लाखामागे हप्ता 900 वरून 1,014 वर जातो. अशा वेळी बँकवाला तुमच्याकडे बघून म्हणतो, ‘मुलाला नोकरी लागलीये ना? त्याला को-अ‍ॅप्लिकंट घ्या.’

घरासाठी सही करायला कुणाची ना नसते. पण आधी तीन गोष्टी समजून घ्या. एक, को-अ‍ॅप्लिकंट म्हणजे साक्षीदार नाही. हप्ता चुकला तर तो तुमचाही चुकला आणि तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये तसाच दिसतो. दोन, पुढे तुम्हाला स्वतःसाठी कर्ज हवं असेल तर हा हप्ता तुमच्या नावावर आधीच धरला जाईल. तीन, कर्जात नाव असलं म्हणून घरात नाव असतंच असं नाही. घराच्या करारनाम्यात नाव आहे का, ते बघून मगच सही करा. यात बाबांवर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. हप्ते सलग 90 दिवस थकले की खातं एनपीए होतं, नंतर बँक 60 दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याची प्रक्रिया सुरू करू शकते. एवढं मोठं काम करताना सगळ्यांनी सगळं वाचलेलं असावं.

क्रेडिट स्कोअर 300 ते 900 मध्ये मोजतात आणि साधारण 750 च्या वरचा चांगला धरतात. फोनचा ईएमआय, ‘आत्ता घ्या, नंतर पैसे द्या’वालं शॉपिंग, मित्रासाठी घेतलेलं छोटं अ‍ॅप लोन, सगळं तिथे दिसतं. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तुमचा आणि बाबांचा दोघांचाही काढा.

आणि बाबा परांचीवर चढणारे असतील तर कर्जाएवढा टर्म इन्शुरन्स घ्या. हे बोलायला कुणालाच आवडत नाही, पण हप्ता माणूस बघून थांबत नाही.

‘फाइल करून देतो’वाला

खार असो की नालासोपारा, एक माणूस हमखास भेटतो. तीन वर्षांचे रिटर्न दाखवून देतो, स्टेटमेंट बनवून देतो, दोन टक्के द्या. त्याच्या नादी लागू नका. बँका रिटर्नची पडताळणी थेट करतात, खोटे कागद पकडले जातात आणि गुन्हा तुमच्या बाबांवरही नोंदला जाऊ शकतो. खरी कमाई लपवणं जसं महागात पडतं, तसंच नसलेली कमाई दाखवणंही. शिवाय हप्ता शेवटी खऱ्या कमाईतूनच जातो.

या महिन्यात एवढं करा

• आयकर पोर्टलवर बाबांच्या नावाने लॉग-इन करून 26एएस आणि एआयएस डाउनलोड करा.

• धंद्यासाठी वेगळं खातं उघडा. घरखर्च आणि साइटचा खर्च एकाच खात्यात नको.

• ‘उद्यम’ नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि फुकट असते. पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. धंदा किती जुना आहे हे सांगायला उद्यम आणि गुमास्ता, दोन्ही कागद उपयोगी पडतात.

• डायरीतला हिशोब मोबाइलमधल्या शीटवर उतरवा: काम कुठलं, किती आले, मटेरियल किती, मजुरी किती, उरले किती. वर्षाच्या शेवटी खरा नफा कळेल आणि तोच रिटर्नमध्ये जाईल.

• चांगल्या सीएला एकदा भेटा आणि त्याला पहिल्याच वाक्यात सांगा की तीन वर्षांनी होम लोन घ्यायचं आहे. टॅक्स कमीत कमी करून द्या, असं सांगितलं तर तो तेच करून देईल.

• पुढच्या कामाचं कोटेशन तुम्ही टाइप करून द्या, खाली बँक खात्याचा नंबर आणि क्यूआर कोड टाका. रोख देणारा मालकही मग बऱ्याचदा स्कॅन करतो.

यातल्या बहुतेक कामांना पैसे लागत नाहीत, रविवारचे दोन तास लागतात. बाबांना सिमेंट-रेतीचं प्रमाण हातावर कळतं, पोर्टल कळत नाही. तुमचं उलटं आहे. तीन वर्षांनी बँकेत दोघं शेजारी बसाल तेव्हा टेबलावर ठेवायला फाइल हवी, आणि तिचा पहिला कागद यंदाचा रिटर्न आहे.